टॅबास कळफलकाची जोड

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्याच आठवड्यांतील ही गोष्ट. आमच्या शाळेंतून दहावी होऊन अकरावीच्या विज्ञान शाखेंत गेलेल्या एका मुलीचे वडील मालेगांव तालुक्यांतील आपल्या खेड्याहून आम्हांस भेटावयास आले. सोयाबीन नुकतेंच विकून झालें होतें. त्या पैशांतून बियाण्याची उधारी फेडावयाची, धाकट्या मुलाची फी भरावयाची, आणि उरेल त्यांत रब्बीच्या हरभऱ्याची सोय पहावयाची, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या पिशवींत, दाखवून परत आणण्याच्या बोलीवर दुकानांतून आणलेली एक वस्तु होती. बाहेरून ती जाड पुठ्ठ्याच्या वहीसारखी दिसे. उघडली म्हणजे एका अंगास टॅब बसविण्याची खांच आणि दुसऱ्या अंगास बारीक कळांचा फलक. "सर, पोरीले हे पाह्यजे म्हन्ते. दुकानदार दीड हजार सांगून राह्यला. घेऊ का नको, तेवढं तुमीच सांगा," असें म्हणून त्यांनीं ती वस्तु आमच्या मेजावर ठेविली.

आम्हांस त्या क्षणीं उत्तर देतां आलें नाहीं. दीड हजार रुपये ही रक्कम कित्येक घरांत सहज खर्च होत असेल. पण ज्या घरीं ती सोयाबीनच्या पोत्यांत मोजली जाते तेथें ती केवळ अंदाजानें खर्चावयास सांगणें आम्हांस योग्य वाटेना. म्हणून आम्हीं दोन दिवसांची मुदत मागून घेतली, दुकानदारासही तसें कळविलें, आणि त्या कव्हरावर व सहकारी शिक्षकांकडील दुसऱ्या एक-दोन नमुन्यांवर स्वतः लिहून पाहिलें. पुढें वर्षभर मुलांच्या हातीं या वस्तु कशा टिकतात हेंही पाहत गेलों. त्यांतून जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहों. कारण हाच प्रश्न आतां आणखीही पालक विचारूं लागले आहेत.

टॅब म्हणजे काय हें मुलांस सांगावयास नको. पण वडील मंडळींकरितां इतकें सांगतों कीं, तो पाटीएवढा, कांचेच्या पृष्ठाचा, बोटाच्या स्पर्शानें चालणारा संगणक होय. पाटीची उपमा आम्ही मुद्दाम देत आहों. पाटीवर लिहावयास पेन्सिल लागते. ती नसेल तर पाटी ही नुसती धरून बसावयाची वस्तु. टॅबाचेंही कांहींसें तसेंच आहे. तो घडविला गेला तो पाहण्यासाठीं, ऐकण्यासाठीं आणि वाचण्यासाठीं. लिहिणें त्यास जमतें, पण तें त्याचें पहिलें काम नव्हे. आपल्या भागांत पुष्कळ मुलांच्या हातीं पहिला टॅब येतो तो शासनाच्या योजनेंतून. नागपूर येथील महाज्योती ही शासकीय संस्था इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांतील, दहावीनंतर विज्ञान शाखा घेतलेल्या विद्यार्थ्यांस जेईई, नीट व एमएचटी-सीईटी या परीक्षांच्या तयारीकरितां टॅब आणि रोज ६ जीबी इंटरनेट विनामूल्य देत आली आहे. त्या टॅबावर तासचे तास व्याख्यानें ऐकतां येतात, प्रश्नसंच सोडवितां येतात. मग एके दिवशीं मूल त्यावर निबंध लिहूं पाहतें, बोटें अडखळतात, आणि बाजारांतील हें वहीसारखें कव्हर त्याच्या नजरेस पडतें.

ही उणीव प्रथमपासूनचीच आहे. ॲपल कंपनीनें २०१० सालीं आपला आयपॅड बाजारांत आणला, तेव्हांच टॅब उभा करून ठेवण्याची सोय असलेला एक कळफलकही ती निराळा विकीत होती. २०११ च्या ऑक्टोबरांत दिल्लींत 'आकाश' या स्वस्त टॅबाचें मोठ्या थाटानें अनावरण झालें. पुढें सात इंची टॅबांचा सुकाळ झाला आणि त्यांच्याबरोबर नकली चामड्याचें, वायरीनें जोडावयाचें कळफलकी कव्हरही दुकानांत आलें. त्याच्या कळा इतक्या लहान असत कीं एका बोटाखालीं दोन येत. २०१२ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपल्या सरफेस टॅबाबरोबर दोन प्रकारचीं कव्हरें काढलीं. एकांत कळा खरोखर दबत. दुसऱ्यांत त्या नुसत्या रेखाटलेल्या असून बोटाचा दाब ओळखीत. दुसरें अधिक पातळ व देखणें होतें. तथापि थोड्याच वर्षांत तें मागें पडलें आणि दबणाऱ्या कळांचें तेवढें टिकलें. कळ खालीं गेली ही जाणीव बोटास हवी असते, हें त्यावरून दिसून आलें.

कांचेवर लिहितांना ती जाणीव होत नाहीं. कांच सर्वत्र सारखीच गुळगुळीत. म्हणून प्रत्येक अक्षरासाठीं डोळ्यास खालीं यावें लागतें, आणि डोळा अक्षर शोधीत असतां मनांतील वाक्य निसटतें. शिवाय टॅब आडवा धरला तर पडद्याचा जवळजवळ अर्धा भाग कांचेवरील कळफलकच व्यापतो. निबंध लिहिणाऱ्या मुलास आपल्याच लेखाच्या चार-पांच ओळी तेवढ्या दिसतात. वरच्या परिच्छेदांत काय लिहिलें तें पाहावयास पडदा सरकवीत बसावें लागतें. आपलें लिहिलेलें पुन्हां वाचण्याचा ज्यास कंटाळा येतो त्याचें लिहिणें सुधारावें कसें? खरा कळफलक जोडला कीं सबंध पडदा मोकळा होतो. आमच्या मतें कळफलकाचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. जाहिरातींत मात्र याविषयीं चकार शब्द नसतो, आणि वेगाचा गवगवा असतो.

वेग आपोआप येत नाहीं. ज्या मांडणीला 'क्वर्टी' म्हणतात ती अमेरिकेंतील मिलवॉकी शहराच्या क्रिस्टोफर शोल्स या गृहस्थानें आपल्या टंकलेखन यंत्रासाठीं बसविली, आणि रेमिंग्टन कंपनीनें १८७४ पासून तें यंत्र विकावयास आणलें. तेव्हांपासून दहाही बोटांनीं, कळांकडे न पाहतां लिहिणें ही एक शिकण्याची विद्या होऊन बसली आहे. कोणत्याही कळफलकावर एफ व जे या दोन कळांवर बहुधा एक बारीक उंचवटा असतो. डोळे मिटले असतांही दोन्ही तर्जनी तेथें जाऊन बसाव्या हा त्याचा हेतु. मुलांनीं आजच चाचपून पहावें.

आमच्या पिढींतील कित्येकांनीं ही विद्या टायपिंगच्या क्लासांत मिळविली. तालुक्याच्या गांवीं एखाद्या माडीवर तो क्लास असे, आणि दहा-बारा यंत्रांचा खडखडाट रस्त्यापर्यंत ऐकूं येई. गोदरेज कंपनी १९५५ पासून भारतांत बनवूं लागली तीं यंत्रें त्यांत पुष्कळ असत. २०१७ सालीं महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या यंत्रावरील परीक्षांचा शेवट झाला. आतां ती परीक्षा संगणकावर होते, आणि मराठीची पहिली पायरी मिनिटास ३० शब्दांची आहे. शासनाच्या लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठीं मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांच्या गतीचें प्रमाणपत्र मागतात. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांच्या मुलीच्या मनांत हेंच होतें. जेईईचें काय व्हावयाचें तें होवो, पण मराठी टायपिंगची परीक्षा द्यावयाचीच, असें तिनें ठरविलें होतें. आम्हांस हें दुसऱ्या दिवशीं तिच्याच तोंडून कळलें; वडिलांस तिनें तें सांगितलें नव्हतें.

येथें मराठी मुलाची अडचण इंग्रजी मुलाहून निराळी होते. बाजारांतील बहुतेक कव्हरांच्या कळांवर केवळ रोमन अक्षरें छापलेलीं असतात. मूल मराठी शब्द रोमन अक्षरांनीं ठोकूं लागतें आणि टॅब अंदाजानें मराठी शब्द पुढें करतो. ही सोय वाईट नाहीं. पण तींत शुद्धलेखन टॅबाचें असतें, मुलाचें नसतें. आम्हांस खरा कळफलक मोलाचा वाटतो तो देवनागरीच्या स्वतःच्या मांडणीसाठीं. तिला इन्स्क्रिप्ट म्हणतात. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें ती १९८६ सालीं प्रमाण ठरविली, आणि १९९१ च्या भारतीय मानकांत तिचा समावेश झाला.

तिची रचना वर्णमाला पाठ असलेल्या मुलास कौतुक वाटावें अशी आहे. स्वर व त्यांच्या खुणा डाव्या हातास. व्यंजनें बहुतेक उजव्या हातास. क च्या कळेवर शिफ्ट दाबली कीं ख उमटतो, ग च्या कळेवर घ, त च्या कळेवर थ, प च्या कळेवर फ. म्हणजे अल्पप्राण साधा आणि महाप्राण शिफ्टसह. काना साधा, आ शिफ्टसह. अक्षरें उच्चाराच्या क्रमानें ठोकावयाचीं. जुन्या टंकलेखन यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं मारावी लागे, कारण कागदावर ती आधीं उमटते. येथें 'शि' लिहितांना आधीं श आणि मग वेलांटी, जसें तोंडानें म्हणतों तसें. जोडाक्षरासाठीं दोन व्यंजनांच्या मध्यें हलन्ताची कळ दाबावयाची. 'धर्म' लिहितांना ध, र, हलन्त, म. 'प्रकाश' लिहितांना प, हलन्त, र, आणि पुढचें पुढें. रफार कोठें द्यावा याचा गोंधळ ज्या मुलांच्या वह्यांत दिसतो त्यांस हा क्रम व्याकरणाचाच पाठ होतो, असें आम्हीं पाहिलें आहे.

पहिल्या दिवसाचा धडा येथेंच देतों. मधल्या ओळीवर डाव्या हाताखालीं, करंगळीपासून तर्जनीकडे, अनुक्रमें ओकाराची खूण, एकाराची खूण, हलन्त व ऱ्हस्व वेलांटी येतात, आणि तर्जनीच किंचित् उजवीकडे सरकविली कीं ऱ्हस्व उकार. उजव्या हाताची तर्जनी र वर असावयाची. ती डावीकडे सरकविली कीं प, आणि पुढच्या बोटांखालीं क, त, च. एवढ्या दहा कळांवर काय लिहितां येतें तें पहा : रोप, तुरे, कोरे, पत्र, पुत्र, चक्र. दुसऱ्या दिवशीं वरच्या ओळींतील काना घ्यावा. मग एकेक करून बाकीच्या कळा. आमच्या मुलांकडून आम्ही जिल्ह्याच्या सहा तालुक्यांचीं नांवें लिहवून घेतों. 'कारंजा' आणि 'मानोरा' यांस प्रत्येकीं सहा कळा लागतात, शिफ्ट एकही नाहीं. 'रिसोड' आणि 'मालेगांव' यांसही ती लागत नाहीं. 'वाशिम' मध्यें श साठीं एकदां, आणि 'मंगरूळपीर' मध्यें ळ साठीं एकदां. सबंध जिल्हा लिहून झाला तरी शिफ्ट दोनदांच दाबली जाते. ज्यांनीं रोज अर्धा तास नेमानें हा अभ्यास केला त्यांचे डोळे दिवाळीपासून होळीपर्यंत कळांवरून सुटले. ज्यांनीं केला नाहीं त्यांच्या घरीं तें कव्हर आज केवळ सिनेमा पाहतांना टॅब उभा करण्याचा टेकू झालें आहे.

कव्हर घ्यावयाचेंच असेल तर तें दुकानांतच आपल्या टॅबाला जोडून मराठी लिहून पहावें. कित्येक टॅब बाहेरचा कळफलक जोडतांच केवळ रोमन अक्षरें उमटवितात. सेटिंगमध्यें जाऊन मराठी मांडणी निवडावी लागते, आणि कांहीं टॅबांत ती निराळें ॲप घेतल्यावांचून मिळत नाहीं. 'ज्ञान' आणि 'बाळ' हे दोन शब्द नीट उमटले म्हणजे बहुधा काम झालें. कळांवर चिकटवावयाचीं देवनागरी अक्षरांचीं स्टिकरें मिळतात. तीं आम्हीं लावून पाहिलीं. उन्हाळ्यांत बोटांच्या घामानें सुटूं लागलीं. त्यापेक्षां मांडणीचा कागद समोर भिंतीवर लावावा, कारण कळांकडे पाहण्याची संवयच तर मोडावयाची असते.

आतां दुसरी बाजू. कांचेवरील कळफलकाची एक शक्ति खऱ्या कळफलकास कधींच येणार नाहीं, ती ही कीं, तो क्षणोक्षणीं रूप बदलूं शकतो. मुंबईच्या आयआयटीमध्यें 'स्वरचक्र' नांवाचा एक कळफलक तयार झाला. त्यांत व्यंजनावर बोट ठेवलें कीं भोंवतीं त्याच्या बाराखडीचें चक्र उमटतें, आणि ज्या दिशेला बोट सरकवावें तें अक्षर लिहिलें जातें. अंगठ्यानें चार ओळींचा निरोप लिहावयास ही सोय उत्तम. तसेंच २०१७ पासून गूगलच्या कळफलकांत मराठी बोलून लिहिण्याची सोय झाली आहे. ती आमच्या वर्गानें पाहिली. पुस्तकी मराठी बोललें तर यंत्र बरें लिहितें. एका मुलानें घरच्या वऱ्हाडींत आजीचा निरोप सांगितला, तेव्हां 'मले' आणि 'तुले' यांचें त्यानें जें केलें तें पाहून सर्व वर्गांत हंशा पिकला. असो. ज्याचें लिहिणें चार ओळींपुरतेंच आहे त्यास कळफलकाची गरजच नाहीं.

कव्हराचा मोठा दोष त्याच्या मापांत आहे, आणि तो दुकानांत चटकन् लक्षांत येत नाहीं. पूर्ण मापाच्या कळफलकांत एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असतें, आणि अक्षरांचा मुख्य भाग १५ कळांच्या रुंदीचा, म्हणजे २८ सेंटिमीटरांहून किंचित् अधिक होतो. दहा इंची टॅब आडवा धरला तर २४-२५ सेंटिमीटर भरतो. कव्हर टॅबाएवढेंच असावयाचें, तेव्हां एकेका कळेच्या वांट्यास सुमारे १६ मिलिमीटर येतात. आठ इंची टॅबाच्या कव्हरांत १४ च्या आसपास. बारा वर्षांच्या मुलाच्या बोटांस तें चालतें. तेंच मूल सोळाव्या वर्षीं पुन्हां अडखळूं लागतें. त्यांतही जागा वांचविण्यासाठीं कांहीं कारखानदार उजव्या कडेच्या कळा बारीक करतात किंवा भलतीकडे हलवितात. इंग्रजींत त्या कडेला विरामचिन्हें असतात, म्हणून फारसें बिघडत नाहीं. इन्स्क्रिप्टमध्यें मात्र तेथेंच च, ट, ड आणि य बसतात. 'य' ची कळ चिमुकली झालेला कळफलक मराठीस जवळजवळ निरुपयोगी होय. आमच्याकडे आलेल्या त्या नमुन्यांत नेमकें हेंच झालें होतें. टायपिंगची परीक्षा साध्या, पूर्ण मापाच्या कळफलकावर द्यावयाची. घरीं अरुंद कळांवर बोटें वळविलीं तर तेथें तीं पुन्हां वळवावीं लागणार.

वजनाचाही विचार आहे. दहा इंची टॅब सुमारे अर्धा किलो, आणि कळफलकाचें कव्हर कित्येकदां तितकेंच. २०२० च्या शालेय दप्तर धोरणानें दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या एक दशांशाहून अधिक नसावें असें सांगितलें आहे. ४० किलोच्या मुलास चार किलो झाले. त्यांतील एक किलो या जोडीनें घेतला तर पुस्तकें, डबा व पाण्याची बाटली यांस तीनच उरतात.

हीं कव्हरें मेजासाठीं घडविलेलीं असतात हेंही ध्यानांत ठेवावें. आमच्या बहुतेक मुलांच्या घरीं अभ्यास चटईवर मांडी घालून होतो. मांडीवर ठेवलें तर टॅबाची बाजू जड असल्यामुळें सगळेंच मागें कलंडतें. जमिनीवर ठेवलें तर मान वांकते आणि अर्ध्या तासांत पाठ भरून येते. जुन्या पेढींवर मुनीम वापरीत तसलें बैठें मेज यास उत्तम. तें नसेल तर दोन विटांवर आडवा ठेवलेला पाट; आम्हीं स्वतः याच पाटावर बसवून मुलांकडून लिहवून घेतलें आहे.

बिनतारी कव्हर ब्लूटूथनें जोडलें जातें. हें नांव दहाव्या शतकांतील डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्लूटूथ राजावरून घेतलेलें आहे, हें मुलांस मौजेचें वाटेल. या कव्हरास स्वतःची बॅटरी असते. टॅब भरलेला आणि कळफलक रिकामा, असा प्रसंग नेमका घाईच्या वेळीं येतो. शिवाय आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि ॲपल कंपनी आपल्या आयपॅडाच्या वापरासाठीं ३५ अंशांपर्यंतचेंच हवामान योग्य म्हणून सांगते. जाड कव्हरांत उष्णता कोंडते. म्हणून चार्ज करतांना टॅब कव्हराबाहेर काढावा, आणि टिनाच्या घरांत दुपारीं तो वापरूंच नये. एक सूचना मात्र गंभीर आहे. पुष्कळ कव्हरांत लोहचुंबक असतात. घरांत कोणास हृदयाचा पेसमेकर बसविलेला असेल तर तीं त्यांच्या छातीपासून निदान वीतभर दूर ठेवावीं.

आणि ज्या परीक्षांकरितां टॅब मिळाला त्यांत कळफलकाचें काम काय? दहावी-बारावीचे पेपर हातानें लिहावयाचे. जेईई मेन ही परीक्षा संगणकावर होते, पण तेथें उत्तर माऊसनें निवडावयाचें, आणि आकडा भरावयाचा तोही पडद्यावरील अंकांवर टिचकी मारून. म्हणजे या कव्हरानें त्या परीक्षांत एकही गुण वाढणार नाहीं, हें पालकांनीं स्पष्ट समजून असावें. टिपणें हातानें काढावीं कीं कळफलकानें, याविषयीं २०१४ सालीं पॅम म्यूलर व डॅनियल ओपनहायमर या अमेरिकन संशोधकांचा प्रयोग फार गाजला. लॅपटॉपवर लिहिणारे विद्यार्थी व्याख्यात्याचे शब्द जसेच्या तसे उतरवितात आणि विषयाच्या आकलनांत मागें पडतात, असें त्यांस दिसलें. पुढें इतरांनीं तोच प्रयोग पुन्हां केला तेव्हां इतका स्पष्ट फरक आढळला नाहीं. म्हणून त्यावर आम्ही फार भार देत नाहीं. आमचा अनुभव एवढाच कीं, गणित, रसायनाचीं समीकरणें आणि आकृत्या कळफलकानें लिहिणें म्हणजे चमच्यानें विहीर उपसणें होय.

कळफलक हवा, पण कव्हर नको, अशा ठिकाणीं आम्ही येऊन पोंचलों, तेव्हां मार्ग अगदीं साधा निघाला. ओटीजी नांवाची बोटभर लांबीची एक जोडणी मिळते. तिच्या योगानें संगणकाचा साधा, वायरीचा कळफलक बहुतेक टॅबांस लावतां येतो. जोडणी व कळफलक मिळून दीड हजारांच्या निम्मेही लागत नाहींत, आणि घरीं एखादा जुना कळफलक पडला असेल तर जोडणीपुरताच खर्च. कळा पूर्ण मापाच्या, य आपल्या जागीं. बॅटरीची काळजी नाहीं. कव्हर एकाच टॅबाच्या मापाचें असतें, टॅब गेला कीं तेंही गेलें. हा कळफलक मात्र पुढच्या टॅबास किंवा संगणकासही चालतो. गैरसोयी आहेतच : टॅबाची चार्ज करण्याची जागा त्या वेळीं अडून राहते, वायर मध्यें येते, आणि टॅबास पडण्यापासून संरक्षण मिळत नाहीं, त्याकरितां साधें रबरी कव्हर निराळें घ्यावें. ज्यांस रोज टॅब घेऊन फिरावें लागतें, वसतिगृहांतून वर्गांत आणि वर्गांतून ग्रंथालयांत बसून पानेंच्या पानें लिहावीं लागतात, त्यांस कव्हरच सोयीचें, आणि तें दहा इंचांहून लहान टॅबासाठीं तर घेऊंच नये. घरच्या चटईवर लिहिणाऱ्या शाळकरी मुलास आम्ही ओटीजीच सुचवूं.

दोन दिवसांनीं ते गृहस्थ आले तेव्हां आम्हीं त्यांस हेंच सांगितलें. कव्हर परत गेलें. शाळेच्या कपाटांत एक जुना पण धड कळफलक होता, तो मुख्याध्यापकांच्या संमतीनें मुलीस वापरावयास दिला. जोडणी त्यांनीं विकत घेतली. तीस शब्दांची गोष्टही मुलीनें त्याच दिवशीं वडिलांस आमच्यासमोर सांगून टाकली. ते कांहीं बोलले नाहींत. कळफलक मात्र त्यांनीं स्वतः उपरण्यांत गुंडाळून नेला.

परवां ते पुन्हां शाळेंत आले होते. शेतांतील विहिरीसाठीं करावयाच्या अर्जाचा छापील कागद त्यांच्या हातीं होता. "पोरीनंच लिवला, सर. बाहीर दिला अस्ता तं पन्नास रुपये घेतले अस्ते," ते म्हणाले. आम्हीं अर्ज वाचला. मजकूर चोख होता. 'विहिर' हा शब्द मात्र दोन ठिकाणीं ऱ्हस्व पडला होता. आम्हीं पेन्सिलीनें दोन्हीकडे खूण केली. त्यांनीं कागद घडी न घालतां पिशवींत ठेविला, आणि उद्यां सकाळीं दुरुस्त करून आणतों असें सांगून ते बस धरावयास गेले.